पाइप कमी लागला, पण पाणी कुणाला?

आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की बोलणे बारवी धरणावर जाते. धरण किती भरले, कपात कधी लागणार. पाइप कोणत्या वाटेने टाकला, हे मात्र कुणी विचारत नाही. खरे तर निम्मी गोम तिथेच असते.

समजा तीन चाळी आहेत, प्रत्येक चाळ दुसऱ्या दोघींपासून १०० मीटरवर. पहिलीहून दुसरी, दुसरीहून तिसरी असा पाइप टाकला तर २०० मीटर लागेल. पण मधल्या मोकळ्या जागेत एक जोड घेतला आणि तिथून तीन फाटे काढले, तर सुमारे १७३ मीटरमध्ये भागते. जिथे कुणाचेही घर नाही तिथे जोड घेतल्याने २७ मीटर वाचले! हिशेबात एक बाब वाढवून एकूण खर्च कमी झालेला मी तरी क्वचितच पाहिला आहे. जोडापाशी प्रत्येक दोन फाट्यांमध्ये १२० अंशांचा कोन असतो. याकोब श्टायनर (१७९६-१८६३) या स्विस गणितज्ञाच्या नावावरून अशा जोडणीला 'स्टायनर वृक्ष' म्हणतात.

मुलांना घरीच दाखवा. पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन तुकडे घ्या, मध्ये तीन खिळे उभे करून साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. साबणाचा पडदा आपोआप तसाच फाटा धरतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांना मात्र वेगळा जोड लागत नाही. तिन्ही गावे रेल्वेच्या कडेने जवळपास एका ओळीत असल्याने अंबरनाथच जोड ठरते.

ठिकाणे वाढली की डोके चक्रावते. केवळ दहा ठिकाणे एकमेकांना थेट जोडण्याचेच दहा कोटी प्रकार होतात. तरी त्यातला स्वस्त प्रकार शोधणे सोपे आहे. सर्वांत जवळची जोडी आधी जोडा, मग त्याखालची, फक्त वेढा पडू देऊ नका. वीजजाळ्यासाठी ओताकार बोरूव्का यांनी १९२६ साली अशीच एक रीत मांडली. पण मधले जोड मनाजोगे घेण्याची मुभा दिली की गणित अवघड होते. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये ते अतिकठीण प्रश्नांच्या यादीत घातले. मोठ्या जाळ्यासाठी नेमके उत्तर झटपट देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही.

आता आपल्या कामाचे. हे गणित सुरू होण्याआधी कुणीतरी यादी करतो, कोणती ठिकाणे जोडायचीच. यादीत नसलेल्या वस्तीच्या दारावरून पाइप जाईल, पण तोटी मिळणार नाही, आणि गणित तरी बरोबरच राहील.

दुसरी बाब अशी, की पैसा वाचवण्यासाठी वेढा टाळला म्हणजे प्रत्येक घराला एकच वाट उरते. पाइप मध्येच फुटला की पुढचे सगळे कोरडे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या पट्ट्यात रूळ बुडाला की लोकललाही दुसरी वाट नसते. म्हणून जाणकार अभियंते थोडा जादा पाइप घालून वेढा पूर्ण करतात.

आपल्या वॉर्डाच्या जलवाहिनीचा नकाशा माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागता येतो. उत्तराची मुदत सामान्यतः तीस दिवस. नकाशा हाती आला की आधी आपल्या चाळीचा ठिपका शोधा, मग त्या ठिपक्यापर्यंत किती रेषा पोहोचतात ते मोजा.