पाठीवरच्या बिऱ्हाडाचे वजन

कचेरीत एखाद्याचे ‘वजन’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते काट्यावर घालून कोणी पाहत नाही, अंदाजाने भागते. गाडीच्या बाबतीत मात्र तसे भागत नाही.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पिंपरी-चिंचवडात तर या हौसेला लागणारी हत्यारेही हाताशी! टेल्को आणि टेम्पोच्या कारखान्यांत उमेद घालवलेली माणसे इथे गल्लोगल्ली आहेत. आमचे निगडीचे एक स्नेही त्यांतलेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी पिकअप घेतली आणि तिच्या हौद्यावर बसेल अशी निजायची-शिजवायची खोली भोसरीच्या एका शेडमध्ये बनवून घेतली. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर! दिवाळीत ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचे, असा बेत.

“खोलीचं वजन किती हो?” मी विचारले.

“असेल चारशे किलो. दोघांनी कोपरा उचलून पाहिला ना!”

कोपऱ्यावरून खोलीचे वजन सांगणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा खरी. पण ती भात शिजला का एवढेच सांगते, किती शेर आहे ते नव्हे. आठ बाय चारची पाऊण इंची प्लायवूडची एक फळीच पस्तीस किलोंच्या आसपास भरते. अशा किती फळ्या लागल्या, हे सुताराला विचारावे.

वाचकहो, गाडीच्या नोंदणीपत्रात दोन आकडे असतात: रिकामे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन. समजा, ते १,९०० आणि २,९०० किलो आहेत. मधले १,००० किलो आपले. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण रिकाम्या वजनात चालकसुद्धा धरलेला नसतो! आता मांडा हिशेब. खोली समजा ५५० भरली. पाण्याची शंभर लिटरची टाकी, १०० किलो. इन्व्हर्टरच्या दोन मोठ्या बॅटऱ्या, ११०. घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर, ३०. चार माणसे सरासरी ६५ ची, म्हणजे २६०. बेरीज झाली १,०५०. अजून गाद्या, कपडे, भांडी, फराळाचे डबे आणि आजींची औषधांची पेटी खालीच आहे.

म्हणून खरा उपाय वजनकाट्याचा. चाकणला कांद्याच्या आणि लोखंडाच्या गाड्या तोलणारे काटे आहेत. पैसे थोडे पडतात. खोली चढवण्याआधी रिकामी गाडी तोलावी, खोली चढवून पुन्हा तोलावी. दोन पावत्यांची वजाबाकी म्हणजे खोलीचे वजन. मग निघण्याच्या दिवशी टाकी भरून, माणसे आत बसवून तिसऱ्यांदा. यावेळी आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यावीत, नंतर मागची. काटेवाला कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

कारण एकूण वजन हद्दीत असूनही मागचा ॲक्सल हद्दीबाहेर गेलेला असू शकतो. दोन ॲक्सलांमधले अंतर तीन मीटर असेल आणि शंभर किलोंची टाकी मागच्या ॲक्सलच्याही साठ सेंटीमीटर मागे बसवली असेल, तर मागच्या चाकांवर शंभर नव्हे, १२० किलो येतात आणि पुढची चाके २० किलोंनी हलकी होतात. पुढची चाके हलकी म्हणजे सुकाणू सैल. टायरच्या कडेवरचा भारांकही वाचावा: १०० असा आकडा असेल तर त्या टायरने ८०० किलोच पेलायचे असतात, तेही हवा पुरी असताना.

दंडाची भीती आहेच. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा वजनाला २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. खोली कायमची जोडायची तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी हवी. पण मला काळजी दंडाची नाही, ताम्हिणीच्या उताराची आहे. उतारावर जितके वजन जास्त, तितकी ब्रेकमध्ये उष्णता जास्त. आणि तापलेला ब्रेक पाय दाबूनही हवा तसा धरत नाही. अशा वेळी मागे खोलीत नातवंडे झोपलेली नसावीत. धावत्या गाडीत त्यांची जागा पुढे, पट्ट्याच्या आसनावरच.

स्नेह्यांनी टाकी ॲक्सलच्या पुढे सरकवली आणि एक बॅटरी घरी ठेवली. पाणी ते आता घाट उतरल्यावर माणगावात भरणार आहेत.