पोटातले जिवाणू आणि लेकराचं इन्सुलिन

‘पोटातले चांगले जिवाणू वाढवा, मग सुई लागत नाही’ असं सांगून कोणी चूर्ण विकायला आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. टाइप वन मधुमेह झालेल्या लेकराचं इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करायचं नाही. १९२२ साली टोरांटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशी लेकरं वर्ष-दोन वर्षांत जात.

जिवाणूंची गोष्ट खोटी नाही, म्हणूनच ती पुढे करून फसवणं सोपं जातं. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. आपलं कोण, परकं कोण हे ती लहानपणी काही प्रमाणात आतड्यातही शिकते, म्हणून शास्त्रज्ञ तिथे शोध घेत आहेत. फिनलंडच्या मुलांत हा आजार जगात सर्वांत जास्त, आणि सीमेला लागून असलेल्या रशियन कारेलियात कितीतरी कमी. या दोन्हीकडच्या आणि एस्टोनियातल्या बाळांची शी, ती बाळं तीन वर्षांची होईपर्यंत, शास्त्रज्ञ तपासत राहिले. २०१६ साली निष्कर्ष आले: फिनलंड-एस्टोनियाच्या बाळांत बॅक्टेरॉइडिस हे जिवाणू जास्त होते, आणि त्यांच्या आवरणातला पदार्थ प्रतिकारशक्तीला पुरेसं चेतवत नव्हता. पुढे २०१८ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या ‘टेडी’ अभ्यासात निरोगी राहिलेल्या मुलांच्या जिवाणूंत आतड्याला पोषक आम्लं बनवण्याची ताकद थोडी जास्त दिसली. थोडीच. जिवाणू बदलले म्हणून आजार आला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. औषध तर अजून लांब आहे. दही, ताक लेकराला खुशाल द्या. आंबील दिली तर ती जेवणाच्या हिशेबात धरा, तिनेही शुगर वाढते.

बाळाच्या पोटात चांगले जिवाणू रुजवण्यात अंगावरच्या दुधाचा वाटा फार मोठा. सहा महिने तेवढंच पाजा. पण वरचं दूध पाजलं, सिझर झालं, म्हणून आजार झाला असा ठपका कुठल्याही सुनेवर ठेवू नका. त्या बाईचं दुःख आधीच डोंगराएवढं असतं. आणि साध्या सर्दीला मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. त्याने मधुमेह होतो असं ठरलेलं नाही, पण आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात.

लक्ष ठेवायचं ते इथे. लेकरू रात्री उठून उठून पाणी मागतं, अंथरूण ओलं करणं सुटलेलं असताना पुन्हा करायला लागतं, पोटभर जेवूनही वाळत जातं. मग पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो. यात बाहेरचं काही नसतं, आणि अंगारा-धुपाऱ्यात गेलेली एक रात्रसुद्धा जिवावर बेतू शकते. बोटातून रक्ताचा एक थेंब काढला की ग्लुकोमीटर मिनिटाच्या आत शुगर सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि ‘याची शुगर बघा’ असं स्वतः म्हणा. उलट्या सुरू असतील तर थेट आपल्या यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय रुग्णालयात न्या. पुढच्या खर्चाची चिंता असेल तर नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेल्या ड्रीम ट्रस्टकडे विचारा. गरीब घरच्या अशा मुलांसाठीच ती संस्था काम करते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि उन्हात इन्सुलिन खराब होतं. घरी फ्रिज नसेल तर मातीची दोन मडकी घ्या, लहान मडकं मोठ्यात ठेवा, मधल्या जागेत वाळू भरून ती सकाळ-संध्याकाळ भिजवा. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका आणि मडकं सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. फ्रिज असेल तर बर्फाच्या कप्प्यात बाटली ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टोचायचं नाही, फेकून द्यायचं.