कागदावर ठेकेदार, फाटकावर मजूर

दोन वर्षांपूर्वी कामगार न्यायालयात माझ्या एका पक्षकाराची उलटतपासणी चालू होती. पेण तालुक्यातील हा बौद्ध तरुण रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नऊ वर्षे वेल्डिंगचे काम करीत होता. एके सकाळी त्याला फाटकावर अडवले आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. व्यवस्थापनाच्या वकिलांनी त्याच्यापुढे त्याचेच आयकर विवरणपत्र ठेवले आणि विचारले, ‘यात तुम्ही स्वतःचा व्यवसाय असल्याचे लिहिले आहे. सही तुमचीच ना? मग तुम्ही कामगार कसे?’ तो म्हणाला, ‘साहेब, माझे कापलेले तीन हजार परत मिळावेत म्हणून तो फॉर्म भरला होता.’

तीन हजारांच्या परताव्यासाठी नऊ वर्षांची नोकरी पणाला लागावी, ही या व्यवस्थेची किमया आहे. स्वतंत्र ठेकेदार म्हणून काम करणाऱ्यांना प्रवास व जेवणाच्या खर्चावर करसवलत मिळावी, अशी मागणी अधूनमधून होते. ऐकायला ती रास्त वाटते. पण ही सवलत कोणाच्या ताटात पडणार आणि तिची किंमत कोण मोजणार, हे तपासल्याशिवाय आपल्या समाजाने टाळ्या वाजवू नयेत.

प्रथम कोणाला काय मिळते ते पाहू. 1961 च्या आयकर कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025 च्या कायद्याने घेतली. कलमांचे क्रमांक बदलले. या विषयापुरती तत्त्वे बहुतांशी जुनीच आहेत, म्हणून येथे जुने, ओळखीचे क्रमांकच देतो. पगारदाराला कामानिमित्त फिरतीवर पाठवले, तर त्याचा प्रवासभत्ता व दैनिक भत्ता प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त. आमदार-खासदारांना सभागृहाच्या सदस्यत्वापोटी मिळणारा दैनिक भत्ता कलम 10(17) खाली करमुक्त. घर ते कचेरी येण्याजाण्यासाठी पगारदाराला 2018 पर्यंत दरमहा 1,600 रुपयांची सूट होती. ती गेली, तेव्हा बदल्यात प्रमाणित वजावट आली. नव्या करपद्धतीत ती आज 75,000 रुपये आहे आणि तिच्यासाठी एकही पावती दाखवावी लागत नाही. मालकाने कामाच्या वेळेत दिलेल्या जेवणातील 50 रुपयेसुद्धा 1962 च्या नियमांनी उत्पन्नातून वगळले होते.

आता कागदावर ठेकेदार झालेल्या माणसाकडे या. त्याला प्रमाणित वजावट नाही. कलम 37 प्रमाणे निव्वळ व्यवसायासाठी झालेला खर्च वजा होतो. कामाच्या जागी जाण्याचा प्रवास त्यात बसवता येतो. दुपारचे जेवण मात्र ‘वैयक्तिक’ ठरते. ही विचारसरणी इंग्लंडमधून आलेली आहे. तेथे 1971 साली हॉर्टन विरुद्ध यंग या खटल्यात घरातून निघून निरनिराळ्या बांधकामांवर जाणाऱ्या एका गवंड्याचा प्रवासखर्च मान्य झाला. 1975 साली कॅलेबॉट विरुद्ध क्विन या खटल्यात एका सुताराने सांगितले की, घरी दहा पेन्सात होणारे जेवण कामावर असताना चाळीस पेन्सांना पडते, तेवढे वरचे तीस पेन्स तरी वजा करा. न्यायालयाने नकार दिला. माणूस जगण्यासाठी जेवतो, काम करण्यासाठी नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. दिवसभर भट्टीजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला हे तत्त्वज्ञान कोणी समजावून सांगावे!

आपल्याकडे छोट्या ठेकेदाराला एक सोपी वाट आहे, ती कलम 44एडीची. वर्षभराच्या एकूण जमेच्या आठ टक्के, आणि पैसे बँकेतून आले असतील तर सहा टक्के, एवढा नफा दाखवला की खर्चाच्या पावत्या मागत नाहीत. म्हणजे मेमूचे तिकीट, मिनीडोरचे भाडे, टपरीवरची राईस प्लेट हे सारे उरलेल्या 92 किंवा 94 टक्क्यांत गृहीतच धरलेले आहे. वेगळी सवलत मागायची ती कशासाठी?

हिशेब करूनच पाहू. समजा, एका वेल्डरचे महिन्याचे बिल 25,000 रुपये आहे. वर्षाची रक्कम एक लाखाच्या वर जाते, म्हणून कलम 194सी प्रमाणे एक टक्का टीडीएस कापला जातो: महिन्याला 250, वर्षाला 3,000. पॅन दिलेला नसेल तर कपात वीस टक्के, म्हणजे महिन्याला 5,000. येण्याजाण्याला आणि जेवणाला दिवसाला 120 रुपये धरले, तरी 300 दिवसांचे 36,000 रुपये होतात. हे तो स्वतःच्या खिशातून घालतो. टीडीएस कापताना त्या 36,000 कडे कोणी पाहत नाही. कपात पूर्ण बिलावर होते.

या माणसाला प्रवास-जेवणाची पूर्ण वजावट उद्या दिली, तर त्याचा किती कर वाचेल? शून्य. कारण त्याला कर मुळात लागतच नाही. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही. वजावटीची किंमत करदात्याच्या दराएवढी असते. तीस टक्के कर भरणाऱ्या सल्लागाराने हॉटेलात हजार रुपयांचे जेवण घेऊन ते खर्चात दाखवले, तर सरकार त्याचे तीनशे रुपये भरते. टपरीवर जेवणाऱ्याला सरकार एक पैसाही देत नाही. वरून खाली झिरपेल म्हणतात ती सवलत वरच अडते.

फेब्रुवारी 1927 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी नेमके याच अन्यायावर बोट ठेवले होते. आयकराला एक मर्यादा आहे, तिच्या खाली कर नाही. शेतसाऱ्याला मात्र मर्यादाच नाही, एकरभर जमिनीच्या गरिबालाही तो भरावा लागतो, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच महिन्यात, 20 मार्चला, याच जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्याचा हक्क आणि कराचा न्याय हे बाबासाहेबांच्या लेखी दोन वेगळे विषय नव्हते. आज शेतसाऱ्याची जागा पेट्रोलने घेतली आहे. मेमू चुकली म्हणून पेणहून नागोठणेमार्गे मोटारसायकलने धाटावला जाणारा मजूर केंद्राचे उत्पादनशुल्क आणि राज्याचा व्हॅट लिटरमागे तेवढाच भरतो, जेवढा कारखान्याचा मालक. या कराला 12 लाखांची मर्यादा कोणी लावली नाही.

खरा प्रश्न त्या ‘ठेकेदार’ शब्दात आहे. ज्याच्याकडे दहा माणसे आहेत, स्वतःची यंत्रे आहेत, जो दर ठरवून काम घेतो, तो ठेकेदार. आपली किती माणसे अशी आहेत? पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत नगावर रंगकाम आणि डोळ्यांची आखणी करणारे, धाटावला शटडाऊनच्या कामाला जाणारे फिटर, वेल्डर, पेंटर यांच्यापैकी कित्येकांची वेळ, काम आणि दर दुसराच ठरवतो. तरी बिल यांच्या नावाने फाडले जाते. का? ठेकेदार म्हटले की भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही, ग्रॅच्युईटी नाही, कॅन्टीनचे कूपन नाही. कायम कामगार आत जेवतो, हा फाटकाबाहेर जेवतो. महाडला तळे होते, येथे कॅन्टीन आहे, एवढाच फरक.

कायदा या शब्दाला फसत नाही, हे आपल्या लोकांना ठाऊक असले पाहिजे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सौराष्ट्रातील मिठागरांवरचे आगरिया ‘स्वतंत्र ठेकेदार’ आहेत, असे मालकाचे म्हणणे होते. त्यांना मिठाच्या वजनावर पैसे मिळत, ते मदतीला स्वतःची माणसे लावत. तरीही मालकाची देखरेख आणि नियंत्रण पाहून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1956 मध्ये त्यांना कामगार मानले. मिठागरे पेणच्या खाडीकाठच्या लोकांना नवी नाहीत; हा निकालही नवा वाटू नये. 1978 साली हुसेनभाई खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनीही मधल्या ठेकेदाराचा पडदा बाजूला सारून खरा मालक पाहायला सांगितले. म्हणूनच माझ्या पक्षकाराचे विवरणपत्र हा एक पुरावा आहे, शेवटचा शब्द नाही. प्रकरण अजून चालू आहे.

तेव्हा आपण मागायचे काय? पहिले, टीडीएस. 1961 च्या कायद्यात बँकेतील ठेवीदार करपात्र नसेल तर 15जी अर्ज देऊन व्याजावरची कपात थांबवू शकत होता. 194सी खालच्या माणसाला ती सोय दिली गेली नाही. ठेवीदाराच्या शब्दावर विश्वास आणि मजुराच्या शब्दावर अविश्वास कशासाठी? असे स्वयंघोषणापत्र त्यालाही मिळाले पाहिजे. दुसरे, भाडे आणि जेवण काम देणाऱ्याने रोखीने द्यावे, आणि तेही किमान वेतनाच्या वर. ही दक्षता महत्त्वाची आहे, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत प्रवासभत्ता ‘वेतना’च्या व्याख्येबाहेर आहे, पगाराचाच तुकडा भत्ता म्हणून दाखवण्याचा मोह मालकाला होणारच. तिसरे, ठेका कामगार धरून जेथे शंभर वा अधिक कामगार आहेत, तेथे उपाहारगृहाची तरतूद व्यवसायसुरक्षा संहितेत आहे. तिची अंमलबजावणी धाटावमध्ये दारोदार तपासली गेली पाहिजे.

आणि एक काम आपले स्वतःचे. कापलेला पैसा सोडू नका, विवरणपत्र अवश्य भरा. पण त्याबरोबर गेटपास, हजेरीचे कागद, सेफ्टी ट्रेनिंगचे कार्ड, सुपरवायझरचे मोबाईलवरचे निरोप आणि रेल्वेचे मासिक पास जपून ठेवा. जुना पास फेकू नका. आयकराच्या दृष्टीने तो खर्चाचा पुरावा आहे. कामगार न्यायालयात तोच पास सांगतो की हा माणूस महिनोन्‌महिने एकाच फाटकाकडे कामाला जात होता. माझ्या पक्षकाराच्या आईने असे 41 पास पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. ते आम्ही न्यायालयात दाखल केले आहेत.

जयभीम!