प्रतिविषाची शेवटची परीक्षा

संशोधन म्हटले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा उभी राहते; भाताचे खाचर किंवा कुडाची झोपडी उभी राहत नाही. संशोधन पुरे केव्हा झाले, याविषयीची समजूतही अशीच ठराविक आहे. निबंध प्रसिद्ध झाला, औषधाला परवाना मिळाला, यंत्र कसोटीस उतरले की शास्त्रज्ञाचे काम संपले. पुढचे काय ते सरकारने आणि व्यापाऱ्याने पाहावे, असे आपण मानून चालतो. ही समजूत किती अपुरी आहे, हे ज्याला पाहायचे असेल त्याने ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची पावसाळ्यातील स्थिती विचारात घ्यावी. भाताच्या आवणीला हात लागला की या भागात सर्पदंशाचा हंगामही सुरू होतो. बांधावरच्या गवतात घोणस असते, कातळावर फुरसे असते. आणि रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याच्या उशाशी मण्यार येते. सर्पदंश हा येथे अपघात कमी आणि धंद्यातला धोका अधिक आहे. जो चिखलात उतरतो त्यालाच तो पत्करावा लागतो.

या धोक्याचे देशव्यापी मोजमाप अलीकडेच झाले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांपैकी बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव नाही, हे खरे. परंतु राज्याच्या सरासरीने डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या शेतमजुराचे समाधान होण्याचे कारण नाही. घरोघर चौकशी करून काढलेला हा आकडा आणि सरकारी रुग्णालयांच्या नोंदींतला आकडा यांत अतिशय मोठी तफावत आहे, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे.

एका कुपीतील तीन शास्त्रे

सर्पदंशावर औषध नाही, अशी परिस्थिती मुळीच नाही. औषध आहे, आणि ते शंभरहून अधिक वर्षांच्या संशोधनाचे फळ आहे. सापाचे विष अत्यल्प मात्रेत घोड्याला टोचतात, मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याच्या रक्तात विषाला विरोध करणारी द्रव्ये तयार होतात. येथपर्यंतचे काम जीवशास्त्राचे. त्या रक्तजलातून नेमके उपयोगी द्रव्य वेगळे काढणे, माणसाला अपाय करणारा भाग शक्य तेवढा कमी करणे, हे औषधी रसायनशास्त्राचे काम. आणि ते द्रव्य गोठवून, निर्वातात कोरडे करून, भर उन्हाळ्यातही टिकेल अशा रीतीने काचेच्या कुपीत बंद करणे, प्रत्येक घाणा तपासून मगच बाहेर सोडणे, हे यंत्रशास्त्राचे आणि कसोटीशास्त्राचे काम. प्रमाणही ठरलेले आहे. एक मिलिलिटर प्रतिविषाने नाग आणि घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे. परळच्या ज्या हाफकिन संस्थेची स्थापना १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी झाली, तिच्या नावाशी महाराष्ट्रात प्रतिविषाचे नाव अनेक दशके जोडलेले आहे. परळहून शहापूरचे अंतर शंभर किलोमीटरही नाही.

आता ही कुपी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचल्यावर काय होते ते पाहावे. घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते. ती ओळखण्याची राष्ट्रीय उपचारपद्धतीने मान्य केलेली कसोटी अगदी साधी आहे. रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या नळीत घ्यावे, वीस मिनिटे न हलवता ठेवावे आणि मग नळी तिरपी करावी. रक्त पातळच राहिले असेल तर प्रतिविष द्यावे. परंतु ही नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. कोरडी हवी, आणि साबणाच्या पाण्याने धुतलेली नको. म्हणजे कोट्यवधी रुपयांच्या कारखान्यातून निघालेल्या औषधाचा उपयोग काही रुपयांच्या काचनळीवर अवलंबून! शिवाय घोड्याच्या रक्तातून काढलेल्या द्रव्याची काही रुग्णांवर तीव्र प्रतिक्रिया होते. तिच्यावर उपाय आहे. पण रात्री एकट्याने केंद्र सांभाळणाऱ्या तरुण डॉक्टरला त्याचा सराव नसेल तर तो धोका पत्करण्याऐवजी रुग्णाला ठाण्याकडे पाठवतो. वाटेत जो वेळ जातो, तोच रुग्णाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा वेळ असतो. मण्यारीच्या दंशात तर पापण्या मिटू लागल्यापासून श्वास बंद पडेपर्यंतचा अवधी फार थोडा असू शकतो.

विषाला प्रांतभेद असतो

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. देशात तयार होणाऱ्या प्रतिविषासाठी लागणारे विष बहुतांशी तामिळनाडूतील इरुला आदिवासींची, १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवते. आदिवासींच्या पिढीजात ज्ञानाला सहकाराची आणि शास्त्राची जोड मिळाली की काय घडू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु साप एकाच जातीचा असला तरी त्याचे विष सर्वत्र एकसारखे नसते. प्रदेश बदलला की त्यातील घटकांचे प्रमाण बदलते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून, प्रचलित प्रतिविष काही प्रदेशांतील सापांच्या विषापुढे अपुरे पडते, असे दाखवून दिले आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या चापड्यासारख्या सापाचा तर या चार सापांच्या प्रतिविषात समावेशच नाही. प्रांतवार प्रतिविष काढावे तर घाणे लहान होतील आणि खर्च वाढेल, हा कारखानदारांचा आक्षेप चुकीचा नाही. पण माहुलीच्या पायथ्याच्या आणि माळशेजच्या कुशीतल्या सापांचे विष तपासून पाहिल्याखेरीज तो खर्च आवश्यक आहे की अनावश्यक, हे तरी कसे ठरणार?

महाडने घातलेला धडा

असे संशोधन मोठ्या शहरांतच होते, हा समज महाराष्ट्रातच खोटा ठरला आहे. कोकणात लाल विंचवाचा दंश एके काळी प्राणघातक मानला जाई. गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विंचवाच्या विषाने शरीरात नेमके काय घडते हे त्यांनी ओळखले आणि रक्तदाबावर दिले जाणारे प्राझोसिन हे औषध येथे उपयोगी पडेल, असे अनुमान बांधले. पुढे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. २०११ साली त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा ७० रुग्णांवरील अभ्यास ब्रिटनच्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्राझोसिनबरोबर विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. माळशेज घाट चढून गेले की लागणाऱ्या जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये, या जिद्दीने काम करीत आले आहेत. या उदाहरणांचे तात्पर्य इतकेच की, ग्रामीण डॉक्टरची नोंदवही हेही संशोधनाचे साधन आहे, आणि ते सर्वांत स्वस्त साधन आहे.

नोंद नाही, म्हणून मृत्यूही नाही

हे साधन सर्वत्र का वापरले जात नाही, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. बाजारपेठेला गरज कळत नाही, क्रयशक्ती कळते. आफ्रिकेसाठी उपयुक्त असलेले एक प्रतिविष बनवणे फ्रान्समधील एका बड्या कंपनीने २०१४ साली थांबवले. साप कमी झाले म्हणून नव्हे, तर ग्राहक गरीब होते म्हणून. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणारा कातकरी हाही असाच ग्राहक आहे. त्याच्यासाठीचे संशोधन सरकारने केले नाही तर कोणीही करणार नाही. आणि सरकार खर्च करते ते आकड्यांवर. घरीच मेलेल्या माणसाची शवचिकित्सा होत नाही, कारण लिहिले जात नाही, आणि आकडा कोराच राहतो. आकडा नाही म्हणून तरतूद नाही. तरतूद नाही म्हणून उपचार नाही. आणि उपचार नाही म्हणून माणूस घरीच मरतो. या दुष्टचक्राचे दुसरे टोक नुकसानभरपाईत दिसते. राज्याच्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत सर्पदंशाने मृत्यू आल्यास शेतकऱ्याच्या कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. परंतु योजना खातेदाराच्या कुटुंबापुरती आहे. दुसऱ्याच्या शेतात आवणी करणाऱ्या भूमिहीन बाईला साप चावला तर तिच्या नावावर सातबाराही नाही आणि तिच्या मृत्यूला पुरावाही नाही.

लोक भगताकडे जातात, अंधश्रद्धा सोडत नाहीत, असे म्हणून या प्रश्नाची वासलात लावण्याची रीत आहे. तीत अर्धेच सत्य आहे. भगतामुळे वेळ वाया जातो, याविषयी शंका नाही. पण भगत पाड्यावर असतो. डॉक्टर वीस-पंचवीस किलोमीटरांवर, आणि पावसाळी रात्री गाडी मिळत नाही. शिवाय बिनविषारी सापाच्या दंशात भगताचा रुग्ण बरा होतो आणि त्याची कीर्ती वाढते. त्या कीर्तीला उतारा भाषणांचा नाही. जवळच्या केंद्रातून माणूस बरा होऊन परत आल्याचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, आणि त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना सुचवले. दिशा योग्य आहे. मात्र नोंद म्हणजे केवळ संख्या नव्हे. साप कोणता, दंश किती वाजता, केंद्रात येण्यास किती वेळ लागला, किती कुप्या लागल्या, हात-पाय निकामी झाला काय, एवढे लिहिले गेले तरच तिचे संशोधन होईल. ते लिहिण्यास प्रत्येक केंद्राला माणूस आणि वेळ द्यावा लागेल. त्यातून निघालेला निष्कर्ष प्रथम त्याच केंद्राच्या डॉक्टरच्या आणि आशा सेविकेच्या हाती मराठीतून परत गेला पाहिजे. भातसा आणि तानसा ही शहापूर तालुक्यातली धरणे मुंबईची तहान भागवतात. त्या पाण्याच्या मोबदल्यात मुंबईतल्या ज्ञानाचा प्रवाह उलट दिशेने वाहावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. कारखान्यातील कसोटीस कुपी उतरली, हे प्रतिविषाचे पहिले यश आहे. त्याची शेवटची परीक्षा आवणीच्या दिवसांत, एखाद्या पाड्यावर, अंधारात होते. आणि तिचा निकाल जोवर कोणी लिहून ठेवीत नाही, तोवर ते संशोधन पुरे झाले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.