बेरजेचाही ताळा हवा

विद्यार्थी मित्रांनो, प्राथमिक शाळेत शिकलेला ताळा आठवतो ना? वजाबाकी झाली की आलेल्या उत्तरात वजा केलेली संख्या मिळवायची. मूळ संख्या आली तरच पाटी गुरुजींना दाखवायची. संगणकाकडून गणित करून घेताना मात्र आपण ताळा विसरतो.

समजा, तुम्ही जावा भाषेत ‘गणक’ नावाचा क्लास लिहिला. त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार अशा चार मेथड. बेरजेला २ आणि २ दिले, उत्तर ४ आले. पण घाईत अधिकऐवजी गुणाकाराचे चिन्ह पडले असेल तर? तरीही उत्तर ४च! २ आणि ३ दिले असते, तर ५ ऐवजी ६ येऊन चूक उघडी पडली असती.

एकेका मेथडची अशी परीक्षा घेणाऱ्या छोट्या आज्ञावलीला ‘युनिट टेस्ट’ म्हणतात. अपेक्षित उत्तर आधी स्वतः कागदावर काढावे. संगणकाचेच उत्तर ‘अपेक्षित’ म्हणून लिहिणे म्हणजे आरोपीला न्यायाधीश करणे! शिवाय अडचणीच्या जागा शोधाव्यात. भाजक शून्य असेल तर? जावातील ‘इंट’ प्रकारात ७ भागिले २ चे उत्तर ३ येते. २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवल्यास चक्क ऋण संख्या येते.

अशा जागांची किंमत मोठी असते. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती. तेथे ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. आज्ञावलीचा हा भाग एरियान-४ वर सुरळीत चालला होता. एरियान-५ च्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन त्याची परीक्षा झालीच नव्हती.

शिक्षक मित्रांनो, प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपरची शून्य त्रुटी पाहिल्याशिवाय आपण माप घेऊ देत नाही. मग संगणकाच्या प्रात्यक्षिकात केवळ पडद्यावरच्या उत्तराला गुण का? मीही ‘२ आणि २’ पाहून पूर्ण गुण दिले आहेत; ती माझी चूक होती. निम्मे गुण टेस्टला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्व टेस्ट उतरल्या म्हणजे आज्ञावली निर्दोष ठरत नाही, हे खरे. पण न तपासलेलीपेक्षा ती अधिक विश्वासाची असते.

विद्यार्थ्यांनो, आजच एक प्रयोग करा. आपल्या क्लासमध्ये मुद्दाम एक चूक पेरा. टेस्टने ती पकडली नाही, तर आधी टेस्ट सुधारा.