विश्लेषण : उंची मोजता येते, भविष्य कसे मोजणार? फ्रान्सच्या जोआन बेरिंजरवर मिनेसोटाने बाजी का लावली?

ब्रुकलिनमध्ये २५ जून रोजी झालेल्या एनबीए ड्राफ्टमध्ये (भारतीय वेळेनुसार गुरुवारी पहाटे) सगळे लक्ष डॅलसने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या कूपर फ्लॅगकडे होते. पण सतराव्या क्रमांकावर मिनेसोटा टिंबरवुल्व्हजने घेतलेले नाव बास्केटबॉलच्या अभ्यासकांना अधिक विचार करायला लावणारे आहे. जोआन बेरिंजर, वय १८ वर्षे, उंची साधारण ६ फूट ११ इंच, मूळ फ्रान्सचा. गेल्या मोसमात त्याने सामन्यामागे सरासरी जेमतेम पाच गुण केले. तरीही जगातल्या सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीगमधील एका बलाढ्य संघाने पहिल्या फेरीतली निवड त्याच्यावर खर्च केली. हा हिशेब नेमका कसा मांडला जातो?

बेरिंजर कोण आहे?

नोव्हेंबर २००६ मध्ये जन्मलेला बेरिंजर आधी फुटबॉल खेळायचा. बास्केटबॉलकडे तो किशोरवयात, म्हणजे बराच उशिरा वळला. अनेक युरोपीय खेळाडू सात-आठ वर्षांचे असल्यापासून क्लबच्या प्रशिक्षणात असतात. त्या मानाने बेरिंजरचा अनुभव मोजक्या वर्षांचा आहे. गेल्या मोसमात तो फ्रान्समध्ये नव्हे, तर स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना येथील सेडेविता ऑलिम्पिया या क्लबकडून खेळला. हा क्लब अॅड्रियाटिक लीगमध्ये खेळतो. तिथे समोर पंचवीस-तीस वर्षांचे, अंगापिंडाने मजबूत व्यावसायिक खेळाडू असतात. त्यांच्यासमोर बेरिंजरचे काम ठरलेले होते. बचावात रिंग राखायची, रिबाउंड घ्यायचे आणि आक्रमणात सहकाऱ्याने वर टाकलेला चेंडू झेलून डंक करायचा.

ड्राफ्टमधील क्रमांकाला एवढे महत्त्व का?

एनबीएत नवोदित खेळाडूला हवा तो संघ निवडता येत नाही. संघच क्रमाने खेळाडू निवडतात. प्लेऑफमध्ये न पोहोचलेल्या १४ संघांच्या वाट्याच्या निवडींसाठी लॉटरी काढली जाते आणि बाकीचा क्रम साधारणपणे आधीच्या मोसमातील कामगिरीच्या उलटा असतो. पहिल्या फेरीतील खेळाडूचे वेतन क्रमांकानुसार ठरलेले असते. त्याची पहिली दोन वर्षे हमीची, तर तिसरे आणि चौथे वर्ष संघाच्या मर्जीवर असते.

म्हणजे संघाला चार वर्षे तुलनेने स्वस्तात खेळाडू मिळतो. पण निवड चुकली तर पैशांपेक्षा वेळ अधिक वाया जातो. खेळाडूच्या बाजूनेही जोखीम तेवढीच आहे. अठराव्या वर्षी पहिल्या फेरीत निवड झालेल्या मुलाने एकविसाव्या वर्षापर्यंत जम बसवला नाही, तर त्याच्यावर ‘फसलेली निवड’ असा शिक्का बसतो. फ्रान्सच्याच सेकू दुंबुयाला डेट्रॉइटने २०१९ मध्ये पंधराव्या क्रमांकावर घेतले होते. तीन मोसमांत त्याचा एनबीएतला प्रवास संपला.

आकडे साधे असताना पहिल्या फेरीत निवड कशी?

गुणांचा आकडा एकटा वाचून चालत नाही. खेळाडूचे वय, लीगचा दर्जा, मैदानावर मिळालेली मिनिटे आणि संघातली भूमिका या चार गोष्टींसह तो वाचावा लागतो. अमेरिकी कॉलेजमध्ये १९ वर्षांचा खेळाडू आपल्याच वयाच्या मुलांविरुद्ध २० गुण करतो. युरोपात त्याच वयाचा मुलगा प्रौढ व्यावसायिकांविरुद्ध पंधरा-वीस मिनिटे खेळतो. तिथल्या प्रशिक्षकाची नोकरी आजच्या विजयावर टिकून असते. नवख्याला शिकवण्यासाठी तो सामने हरत नाही. त्यामुळे अशा संघात नियमित जागा मिळवणे हीच एक पावती ठरते.

दुसऱ्या बाजूला, युरोपातील बचावाचे आकडे फुगलेलेही असू शकतात. तिथे जागतिक महासंघाचे, म्हणजे ‘फिबा’चे नियम लागू असतात. उंच बचावपटूने रिंगखाली कितीही वेळ ठाण मांडले तरी त्याला अडवणारा नियम नाही. एनबीएत मात्र समोर प्रतिस्पर्धी नसताना तीन सेकंदांपेक्षा जास्त काळ त्या पट्ट्यात थांबता येत नाही. फिबाच्या नियमांत रिंगवर आदळून वर उडालेला चेंडू हाताने बाजूला सारता येतो, एनबीएत तसे केल्यास समोरच्याला गुण मिळतात. तीन गुणांची रेषाही वेगळी. फिबाची ६.७५ मीटरवर, तर एनबीएची समोरच्या बाजूला ७.२४ मीटरवर. रेषा लांब म्हणजे बचावपटूला राखायचे मैदानही मोठे. ल्युब्लियानातले ब्लॉक अमेरिकेत जसेच्या तसे दिसतील असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

मग स्काउट नेमके काय पाहतात?

पहिली मोजणी उंचीची नव्हे, पोहोचण्याची. हात वर करून उभे राहिल्यावर बोटे कुठवर जातात, याला उंचीपेक्षा अधिक महत्त्व असते. रूडी गोबेरची ही पोहोच २०१३ मध्ये मोजली तेव्हा ९ फूट ७ इंच भरली होती. रिंग जमिनीपासून १० फुटांवर असते. म्हणजे न उडताच तो रिंगपासून केवळ पाच इंच दूर. बेरिंजरच्या पसरलेल्या हातांचा पल्लाही सात फुटांच्या चांगलाच वर आहे.

दुसरी गोष्ट पायांची. आजच्या एनबीएत आक्रमक संघ उंच बचावपटूला मुद्दाम रिंगपासून दूर ओढतात आणि चपळ गार्डसमोर उभे करतात. पूर्वीचे धिप्पाड सेंटर इथेच उघडे पडतात. बेरिंजर कंबरेतून वाकून, बाजूला सरकत लहान चणीच्या गार्डसोबत टिकू शकतो आणि मागे धावत येऊन चेंडू अडवू शकतो. फुटबॉलमुळे त्याच्या पावलांना ही सवय लागली असावी, असे मानणारे बरेच जण आहेत.

तिसरी गोष्ट निर्णयाची. कधी उडायचे, कधी जागेवर थांबायचे, सहकारी चुकला तर किती लवकर मदतीला जायचे, हे अनुभवाने येते. त्याची बाजू इथेच कच्ची आहे. चकव्याला भुलून उडणे, अनावश्यक फाउल करणे, ताकदवान सेंटरसमोर मागे ढकलले जाणे या चुका त्याच्या खेळात दिसतात. यातली ताकद आणि जाण वाढवता येते. हातांचा पल्ला आणि पायांची चपळाई मात्र कोणताही प्रशिक्षक शिकवू शकत नाही. बेरिंजरवरील बाजीमागचा तर्क हाच आहे.

शूटिंग सुधारेल, हे गृहीत धरावे का?

तरुण उंच खेळाडूंच्या मूल्यमापनात सर्वाधिक फसगत इथेच होते. सात फुटी खेळाडूने सरावात तीन गुणांचे चार चेंडू टाकले की चर्चा रंगते. मोसमभराचे आकडे मात्र वेगळेच सांगतात.

अॅलेक्स सारचे उदाहरण ताजे आहे. सात फुटी सार २०२४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर वॉशिंग्टनने निवडला. त्याआधी ऑस्ट्रेलियात पर्थ वाइल्डकॅट्सकडून तो सामन्यामागे सुमारे १७ मिनिटे खेळला आणि साधारण ९ गुण करत होता. तीन गुणांच्या फेकींत त्याची अचूकता ३० टक्क्यांच्या आसपास होती. ड्राफ्टनंतर समर लीगच्या एका सामन्यात त्याच्या १५ पैकी १५ फेकी हुकल्या आणि समाजमाध्यमांवर त्याची थट्टा झाली. पण पहिल्या मोसमात त्याने सरासरी १३ गुण आणि दीड ब्लॉक अशी कामगिरी केली. नवोदितांच्या पहिल्या सर्वोत्तम संघातही त्याला स्थान मिळाले. तीन गुणांची अचूकता मात्र ३१ टक्क्यांच्या जवळच राहिली. यातून दोन्ही टोकांच्या मंडळींना धडा मिळतो. एका वाईट सामन्यावरून खेळाडू संपत नाही आणि एका वर्षात शूटिंग उगवतही नाही.

स्काउट म्हणूनच फ्री थ्रोकडे पाहतात. समोर कुणी नसताना, ठरलेल्या जागेवरून चेंडू किती वेळा आत जातो, यावरून हाताची मूळ लय कळते. बेरिंजर फ्री थ्रोमध्येही कमकुवत आहे आणि लांबून फेकण्याचा तो जवळपास प्रयत्नच करत नाही. तो उद्या शूटर होईल असे गृहीत धरून त्याची किंमत ठरवणे धोक्याचे आहे. लांबून एकही चेंडू न टाकता तो उपयोगी पडेल का, हाच प्रश्न विचारायला हवा.

गोबेर आणि वेम्बान्यामा यांच्याशी तुलना योग्य आहे का?

प्रत्येक फ्रेंच उंच खेळाडूची तुलना आता व्हिक्टर वेम्बान्यामाशी होते. ती बहुतेकांवर अन्याय करणारी आहे. वेम्बान्यामाने २०२२-२३ मध्ये फ्रान्सच्या अव्वल लीगमध्ये सरासरी २१.६ गुण आणि १०.४ रिबाउंड केले होते. तो पहिल्या क्रमांकावर जाणार हे महिनोन्महिने आधी ठरलेले होते. असा खेळाडू हा मापदंड नव्हे, अपवाद आहे. आणि अपवादालाही शरीराची हमी नसते. उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी आढळल्याने गेल्या फेब्रुवारीत त्याचा मोसम अर्धवट संपला.

गोबेरशी तुलना अधिक उपयोगी आहे. २०१३ मध्ये तो थेट सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला. डेन्व्हरने त्याला निवडले आणि त्याच रात्री युटाला देऊन टाकले. पहिल्या मोसमात त्याची सरासरी अवघी २.३ गुणांची होती आणि त्याला काही काळ खालच्या लीगमध्येही पाठवले गेले. पुढे त्याच गोबेरने सर्वोत्तम बचावपटूचा किताब चार वेळा जिंकला. तीन गुणांच्या फेकी त्याने कधीच आपलेसे केले नाहीत. पण गोबेर यशस्वी झाला म्हणून प्रत्येक लांब हातांचा मुलगा गोबेर होत नाही. त्याच वाटेवर अडलेल्यांची नावे कुणी लक्षात ठेवत नाही, इतकेच.

मिनेसोटाच का?

गोबेर आज मिनेसोटातच आहे आणि ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ३३ वर्षे पूर्ण केली. त्याला आणण्यासाठी या संघाने २०२२ मध्ये युटाला अनेक खेळाडूंसह पहिल्या फेरीतल्या चार निवडी दिल्या होत्या. बेरिंजरची निवड त्यांच्याकडे आली ती कार्ल-अँथनी टाउन्सला न्यूयॉर्कला देताना झालेल्या सौद्यातून. सलग दोन वर्षे पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या या संघाला बेरिंजरकडून लगेच काही नको आहे. तळाच्या संघात त्याला जास्त मिनिटे मिळाली असती, पण चुकाही सगळ्यांसमोर झाल्या असत्या. इथे त्याच्याच भाषेत बोलणारा आणि त्याच जागेवर खेळणारा गुरू शेजारी आहे. खेळाडूच्या गुणवत्तेइतकाच हा योगही त्याचे भवितव्य ठरवतो.

फ्रान्समधूनच एवढे खेळाडू का येतात?

टारिक अब्दुल-वाहद हा १९९७ मध्ये निवडला गेलेला पहिला फ्रेंच खेळाडू. टोनी पार्कर २००१ मध्ये अठ्ठाविसाव्या क्रमांकावर गेला आणि चार विजेतेपदे जिंकून परतला. त्यानंतर वाट रुळली. २०२३ मध्ये वेम्बान्यामा आणि २०२४ मध्ये झाकारी रिसाशे असे सलग दोन वर्षे पहिले क्रमांक फ्रान्सचे, तर २०२४ चे पहिले दोन्ही फ्रेंच. यामागे पॅरिसमधील ‘इनसेप’ ही राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था, व्यावसायिक क्लबांच्या अकादमी आणि आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांतून आलेली गुणवत्ता आहे. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सने अमेरिकेला अंतिम फेरीत गाठून रौप्यपदक मिळवले, तेही याच पायावर.

भारतीय वाचकांना इथे सतनाम सिंग आठवेल. पंजाबच्या या सात फुटी खेळाडूला डॅलसने २०१५ मध्ये बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएच्या मुख्य मोसमातील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. उंचीमुळे दार उघडते, पण आत टिकायला लहानपणापासूनच्या चुरशीच्या सामन्यांची शिदोरी लागते. फ्रान्सकडे ती व्यवस्था आहे.

पुढे काय पाहावे?

बेरिंजरचे गुण मोजू नयेत. पहिल्या दोन मोसमांत तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे. मिनिटांमागे फाउल कमी होतात का, अंगात ताकद भरली तरी पायांची चपळाई टिकते का आणि प्रशिक्षक त्याला सामन्याच्या अटीतटीच्या मिनिटांत मैदानावर ठेवतो का. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर सतरावा क्रमांक स्वस्त ठरेल. नकारार्थी आली, तरी अठरा वर्षांच्या मुलाने कुणाला फसवले असे म्हणता येणार नाही. ड्राफ्टच्या रात्री संघ खेळाडू नव्हे, शक्यता विकत घेत असतात. ती शक्यता प्रत्यक्षात आणण्याची निम्मी जबाबदारी निवडणाऱ्याचीच असते.