डोळ्याची इजा आणि पहिली घटका

डोळ्याला काही लागले की आपल्याकडे उपाय सुचविणाऱ्यांची वाण पडत नाही. कोणी फुंकर घालतो, कोणी पदराच्या टोकाने कण काढू पाहतो, कोणी मधाचा थेंब घालतो. वेदना किती व रक्त किती, यावरून इजा जोखण्याची आपली सवय मात्र डोळ्याच्या बाबतीत सर्वस्वी फसवी आहे.

बुबुळावरचा साधा ओरखडा असह्य ठणकतो. पण जंतुसंसर्ग न झाल्यास बहुधा दोन-तीन दिवसांत भरून येतो. उलट, छिन्नी-हातोड्याच्या कामात उडालेली लोखंडाची कपची डोळ्यात शिरते तेव्हा कधी कधी फारसे दुखतही नाही. आत राहिलेले लोखंड मात्र पुढे दृष्टिपटलाचा घात करते. उसाचे वा भाताचे पाते लागलेला डोळा शेतकरी अंगावर काढतो. जखमेत बुरशी रुजली म्हणजे बुबुळावर फूल पडते.

सर्वांत दुर्लक्षित वैरी म्हणजे तंबाखूसोबतचा चुना. त्याची पुडी दाबताना फुटून मुलांच्या डोळ्यांत उडते. आम्लाने पेशींतील प्रथिने गोठतात व तो थर आम्लाचीच वाट काहीशी अडवितो. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मात्र पेशींची आवरणे विरघळवीत खोल उतरतो. अशा वेळी जागच्या जागी, स्वच्छ पाण्याने, निदान अर्धा तास डोळा धुतलाच पाहिजे; रुग्णालय त्यानंतर. डोळा फुटला असेल वा त्यात काही रुतले असेल, तर नियम नेमका उलटा: धुणे, चोळणे, दाबणे, वस्तू उपसणे, सारेच वर्ज्य. डोळ्यावर दाब न येईल असे वाटीसारखे आवरण ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

1812 साली तीन वर्षांच्या लुई ब्रेलच्या एका डोळ्यात वडिलांच्या कामाचे हत्यार घुसले. पुढे दोन्ही डोळे गेले. एका डोळ्याची जखम दुसऱ्यालाही भोवू शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही.

1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 35 व्या कलमात कामगारांच्या डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. पण रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात, शेतात आणि घरात कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. तेथे पोहोचू शकते ती शाळा. वरील दोन परस्परविरोधी नियम प्रत्येक वर्गात शिकविण्यास ना निधी लागतो, ना नवी समिती. चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू न देण्यास तर तेवढेही कष्ट नाहीत. गेलेली दृष्टी पुष्कळदा शस्त्रक्रियेनेही परतत नाही. पहिल्या घटकेतील शहाणपण ती वाचवू शकते.